वर्तणूक : चांगली

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी राहून गेलेले दोन-तीन मुद्दे यात घातले आहेत.)



सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. शाळेत असताना हेच गृहस्थ वर्गाचे मॉनिटर होते आणि 'बोलणारी मुले' या मथळ्याखाली माझं नाव फळ्यावर नेमाने लिहीत असत. त्यांनीच आज मला बोलायला उभं केलं, याबद्दल त्यांचे आभार.

फळ्यावरच्या त्या यादीचा आजच्या विषयाशी जवळचा संबंध आहे, म्हणून ती आठवली. सर वर्गाबाहेर गेले की मॉनिटरच्या हातात खडू यायचा. तासाच्या शेवटी फळ्यावर पाच-सहा नावं असायची. मॉनिटरच्या बाकावरच्या मुलांची नावं त्यात कधी नसायची. मधल्या सुट्टीत ज्याने त्याला आवळा दिलेला असेल त्याचं नाव पुसलं जायचं. सर आले की फळा बघायचे आणि त्या पाच-सहाजणांना उभं करायचे. वर्गात खरोखर कोण बोलत होतं, हे त्या फळ्यावरून कुणालाच कळलं नसतं. मॉनिटरचं कुणाशी पटतं आणि कुणाशी नाही, हे मात्र बिनचूक कळलं असतं.

आता मुद्द्यावर येते. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या दिवाळीपासून चर्चा चालू आहे, की जमलेल्या निधीतून शाळेला काय द्यावं. कमान, रंगकाम, स्टेजचा पडदा असं करत करत बरेचजण दोन गोष्टींवर आले. एक, प्रत्येक वर्गात कॅमेरा. दोन, मुलांच्या शिस्तीची नोंद ठेवणारं ॲप. मग नेहमीप्रमाणे, 'तू कॉम्प्युटरमधली ना, बघून सांग' असं झालं. मी बघितलं. नाव घेत नाही, कारण असली ॲप्स पुष्कळ आहेत आणि सगळी साधारण एकाच साच्यातली आहेत. शिक्षकांनी मोबाईलवर मुलाच्या नावावर बोट ठेवायचं, चांगलं वागला तर हिरवा गुण, वाईट वागला तर लाल. पालकांना तिथल्या तिथे मेसेज. महिन्याच्या शेवटी मुख्याध्यापकांना रंगीत आलेख.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांचं लक्ष जेवणाच्या पानाकडे आहे त्यांची सोय होईल. ॲप घेऊ नये. नोंद मात्र जरूर ठेवावी. या दोन वाक्यांत विरोध कसा नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

इथे येण्याआधी मी माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स शोधून काढली. आठवत असेल तर बघा, त्यात जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, यापूर्वीची शाळा वगैरे झाल्यावर दोन रकाने येतात : 'अभ्यासातील प्रगती' आणि 'वर्तणूक'. माझ्या दोन्हींपुढे 'चांगली'. ग्रुपवर विचारलं, तर बऱ्याचजणांनी आपापल्या दाखल्याचे फोटो पाठवले. सगळ्यांची वर्तणूक चांगली! ज्याने प्रयोगशाळेतला बेडूक बाईंच्या टेबलाच्या खणात ठेवला त्याचीही चांगली, आणि ज्याच्यामुळे सहलीची एसटी अर्धा तास थांबून राहिली त्याचीही चांगली. म्हणजे इतकी वर्षं शाळेने आपल्याला बघितलं, आणि आपल्या वागण्याबद्दल कागदावर उरला तो हा एक शब्द.

मला आधी वाटलं, हा कारकुनी आळस असेल. म्हणून आपल्या एका निवृत्त सरांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, तो कागद पोरगा जन्मभर घेऊन फिरतो. पंधराव्या वर्षी त्याने काय केलं ते पुढच्या माणसाने कशाला वाचायचं?" मी गेली वीस-बावीस वर्षं माहिती साठवणाऱ्या यंत्रणा बांधते आहे. कुठली माहिती साठवू नये, हे मला इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

दाखल्याच्या त्या एका शब्दात माया होती, पण त्या शब्दाचा शाळेला स्वतःला काही उपयोग नव्हता, हेही खरं आहे. कुठल्या मुलांना शाळा जड जाते, भांडणं कुठे होतात, कोण का उशिरा येतं, हे सगळं शिक्षकांच्या डोक्यात असायचं, आणि बदली झाली किंवा निवृत्ती आली की त्यांच्याबरोबर निघून जायचं. २०१० मध्ये आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा वर्णनात्मक नोंदींची वही आली. 'विशेष प्रगती', 'आवड व छंद', 'सुधारणा आवश्यक' असे तिचे रकाने. कल्पना वाईट नव्हती. पण वर्गातल्या प्रत्येक मुलाबद्दल, प्रत्येक विषयात, प्रत्येक सत्रात लिहायचं म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. तयार नोंदींच्या याद्या इंटरनेटवर फिरू लागल्या आणि रत्नागिरीपासून गडचिरोलीपर्यंतची मुलं एकाच वाक्यात 'वर्गात नीटनेटकी बसू' लागली. समोर बसलेल्या शिक्षकांना मी काय म्हणते ते कळतंय, त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय. दोष त्यांचा नाही. ज्या माहितीवरून पुढे काहीच ठरत नाही, ती माहिती माणूस मन लावून भरत नाही. आमच्या कंपन्यांतही हेच होतं.

मग कशी नोंद ठेवली तर काही ठरवता येतं? अमेरिकेत ओरेगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी यावर बरीच वर्षं काम केलं. जॉर्ज सुगाई आणि रॉबर्ट हॉर्नर ही त्यातली ठळक नावं. शाळेत एखादी घटना घडली, भांडण झालं, मोडतोड झाली, की तिची छोटी नोंद करायची. महिन्याने त्या नोंदी एकत्र काढून आधी विचारायचं : किती वेळा? काय घडलं? कुठे? किती वाजता? 'कोण' हा प्रश्नही आहे, पण त्याच्यावरच अडकायचं नाही. आपण नेमकं उलटं करतो. आपला पहिला प्रश्न 'कुणी केलं?' आणि शेवटचाही तोच.

उदाहरण आपल्याच शाळेचं घेऊ. आपल्या वेळी मधल्या सुट्टीत मारामाऱ्या कुठे व्हायच्या? मागे कुणीतरी म्हणालं तेच, नळावर. टाकीला नळ चार, त्यातले चालू दोन, आणि सुट्टी झाल्यावर अख्खी शाळा तिथे. त्या मारामाऱ्यांपायी कितीजणांनी निगडीची शिपटी खाल्ली असेल! 'कोण' विचारलं तर दरवेळी वेगळी नावं निघाली असती, आणि मुलं वात्रट आहेत असा निष्कर्ष निघाला असता. 'कुठे आणि कधी' विचारलं असतं तर प्लंबर बोलावला असता.

आता जरा अलीकडचं. मुख्याध्यापक सरांनी मला उशिरा येणाऱ्यांच्या वहीचं एक वर्ष बघू दिलं. नावं झाकून, फक्त इयत्ता, वाडी आणि तारीख. त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार, कारण अशी वही बाहेरच्या माणसासमोर ठेवायला धीर लागतो. आकडे सांगत नाही, एका वर्षाच्या एका वहीवरून आकडे फेकणं मला पटत नाही. पण दोन गोष्टी डोळ्यांनाच दिसत होत्या.

पहिली म्हणजे काही तारखांना एकाच वाडीच्या नोंदी ओळीने लागलेल्या. एकाच दिवशी, एकाच दिशेकडून येणारी सगळी मुलं उशिरा. याला बेशिस्त म्हणत नाहीत, याला एसटी म्हणतात. गाडी उशिरा आली की ती सगळी मुलं उशिरा. मुलींना पास फुकट आहे, पण पासाने गाडी वेळेवर येत नाही. या तारखांची यादी जोडून आगार व्यवस्थापकांना पत्र दिलं तर त्याला वजन येईल. 'गाडी नेहमी उशिरा येते' या तक्रारीला आगारात कुणी विचारत नाही, तारखांच्या यादीला उत्तर द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जून-जुलैत बंदराकडच्या वाड्यांची नावं वहीत जवळजवळ नाहीत. ऑगस्ट लागला की ती दिसायला लागतात आणि मग थेट परीक्षेपर्यंत येत राहतात. पूर्णगडच्या माणसाला याचं कारण सांगायला नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मुचकुंदीच्या मुखाशी होड्या शाकारून ठेवलेल्या असतात आणि घरची माणसं घरी असतात. १ ऑगस्टला समुद्र उघडला की घराचं घड्याळ बदलतं. मासळी येईल तेव्हा लिलाव, आणि लिलाव झाला की आईने पाटी घेऊन बाजार गाठायचा. धाकट्याला कुणी सांभाळायचं? वहीत ज्या मुली वारंवार उशिरा दिसतात त्यांच्याबद्दल मी बाईंना विचारलं, तर बहुतेकींच्या पाठचं भावंडं लहान आहे. ती भावंडं अंगणवाडी उघडेपर्यंत यांच्या कडेवर असतात.

आपल्या बॅचची एक मैत्रीण आज या सभागृहात बसली आहे. नाव घेणार नाही, पण तिला विचारून बोलते आहे. आठवीच्या गटफोटोत ती माझ्या शेजारी उभी आहे, दहावीच्या फोटोत नाही. ती कधी शाळेतून 'काढली' गेली नाही. कुणी तिला वाईट बोललं नाही. ती उशिरा यायची, प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभी राहायची, पहिला तास बुडायचा. पहिला तास गणिताचा होता. गणित सुटलं, मग विज्ञान सुटलं, मग एका गणपतीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. परवा तिला हे वहीचं सांगितलं तर हसली. म्हणाली, "काय गो, तुमची घंटा आमच्या होडीला विचारून वाजते काय?" नंतर म्हणाली, "माझी मुलगी शिकली. पण सकाळी दोन तास माझा तान्हा कुणी घेतला असता ना, तर मीपण शिकले असते." हे ती तक्रार म्हणून बोलली नाही, मासळीचा भाव सांगावा तशी बोलली.

उशीर हा किती साधा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा कुठवर जाऊ शकते, हे आपण २०२५ च्या नोव्हेंबरात वाचलं. वसईत सहावीतल्या एका मुलीला उशिरा आल्याबद्दल शंभर उठाबशा काढायला लावल्या आणि त्यानंतर काही दिवसांत ती दगावली, अशी ती बातमी होती. नेमकं कारण ठरवणं हे डॉक्टरांचं आणि तपासाचं काम आहे. माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न राहिला : ती उशिरा का आली होती, हे कुणी विचारलं होतं का?

शिक्षा कायद्याने बंद आहे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई केली, आणि तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शेजारच्या गोव्याने तर २००३ च्या आपल्या बालक कायद्यातच शाळांमधली शारीरिक शिक्षा बंद केली होती. पण राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांतल्या ६,६३२ मुलांना विचारलं, तेव्हा 'मला कसलीच शिक्षा झालेली नाही' असं म्हणणारी मुलं किती निघाली? नऊ. नऊ टक्के नव्हे, नऊ मुलं. मी तो आकडा दोनदा वाचला. कायदा आल्यावर हे कमी झालं असेलच, पण छडी गेल्यावर तिच्या जागी काय ठेवायचं, हे शिक्षकांना कुणी शिकवलं नाही. ती जागा आता ॲपवाले भरू पाहताहेत.

आता ॲप का नको ते सांगते, आणि त्यासाठी लोकमान्यांकडे जाते. रत्नागिरीत जन्मलेल्या या माणसाची शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण प्रत्येकाने १ ऑगस्टला एकदा तरी भाषणात सांगितली आहे. गोष्ट इतिहासात किती पक्की, ते जाणकार ठरवोत. पण शाळेच्या शिस्तीबद्दल इतकी चांगली गोष्ट दुसरी नाही. गुरुजींना काय माहीत होतं? टरफलं कुठे आहेत, कधी पडली. कुणी टाकली ते माहीत नव्हतं. म्हणून सगळ्या वर्गाला शिक्षा. आणि एक मुलगा म्हणाला, मी खाल्ल्या नाहीत, मी उचलणार नाही. आता कल्पना करा, त्या दिवशी गुरुजींच्या हातात ते ॲप आहे. टरफलं टाकणाऱ्याच्या नावापुढे काहीच लागलं नसतं, कारण तो कोण हे माहीत नाही. लाल गुण एकाच नावापुढे लागला असता. गुन्हा? 'उद्धट वर्तन'.

ही नुसती गंमत नाही. रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका शहरातल्या शाळांच्या शिस्तीच्या नोंदी तपासल्या. गोऱ्या मुलांना कशासाठी पाठवलं जात होतं? सिगारेट ओढली, मोडतोड केली, न विचारता वर्गाबाहेर गेला. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी. काळ्या मुलांच्या नोंदी जास्त करून कशाच्या? अनादर, फार आवाज, रेंगाळणं. म्हणजे बघणाऱ्याच्या मनावर ठरणाऱ्या गोष्टी. पुढे त्यांच्या केंद्रीय शिक्षण खात्याने २०१३-१४ च्या वर्षाची देशभरातली आकडेवारी प्रसिद्ध केली, तेव्हा गोऱ्या मुलांच्या तुलनेत काळ्या मुलांना काही दिवस शाळेबाहेर काढलं जाण्याचं प्रमाण ३.८ पट निघालं. हे कळलं ते नोंदी होत्या म्हणून, हे मी मान्य करते. नोंदीच नसत्या तर 'आमच्याकडे सगळे सारखे' असं म्हणून सगळे मोकळे झाले असते.

आपल्याकडे काळे-गोरे नाहीत, पण फळा आणि मॉनिटर आहेत. आपल्या भागात आज आंब्याच्या बागा राखणारी नेपाळी कुटुंबं आहेत, होड्यांवर बाहेरून आलेले खलाशी आहेत, बांधकामावर कर्नाटकातून आलेली माणसं आहेत. त्यांची मुलं आपल्या शाळांत येतात. घरी नेपाळी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला सूचना अर्धी कळते. त्याच्या नावापुढे काय लिहिलं जाईल? 'ऐकत नाही.' ते खरंच असेल, ऐकून कळत नसेल तर तो काय ऐकणार? आणि बंदराकडच्या मुलीपुढे 'वक्तशीर नाही'. वर्षाच्या शेवटी यंत्र या सगळ्याची बेरीज करून एक रंग दाखवेल, आणि नवे शिक्षक मुलाचं तोंड बघण्याआधी तो रंग बघतील.

अशी बेरीज कुठपर्यंत जाते, त्याचं एक उदाहरण. फ्लोरिडा राज्यात पास्को नावाचा परगणा आहे. तिथल्या पोलिसांनी शाळेतल्या मुलांचे गुण, हजेरी, शिस्तीच्या नोंदी, घरात झालेले हालसुद्धा, असं सगळं एकत्र करून पुढे गुन्हेगारीकडे वळू शकतील अशा मुलांची यादी बनवली होती. पालकांना त्याचा पत्ता नव्हता. टॅम्पा बे टाइम्स या वर्तमानपत्राने २०२० मध्ये ते उघडकीला आणलं. ती माहिती मुळात मुलांना मदत करायला गोळा केलेली होती, हे लक्षात घ्या. माहिती एकदा साठली की ती दुसऱ्या कामाला लागते, हे मी माझ्या धंद्यात रोज बघते. त्याला कुणी दुष्ट असावं लागत नाही.

आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले. ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. १८ वर्षांखालच्या मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवायला त्यात मुळात बंदी आहे. शाळांना शिक्षणासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी सूट दिली आहे, तीही तेवढ्यापुरतीच. तेव्हा ॲपच्या करारात माहिती कुठे राहणार, कोण बघणार, मूल शाळा सोडून गेल्यावर पुसणार का, हे लिहिलेलं असायला हवं. मी जो करारनामा वाचला त्यात या तिन्ही प्रश्नांची धड उत्तरं नव्हती. हिरव्या गुणांवर फुगे फुटतात, याची मात्र सविस्तर माहिती होती.

मग करायचं काय? एक शंभर पानी वही. अगदी खरं सांगते, एवढ्या मुलांच्या शाळेला वही पुरते. आमच्याकडे सर्व्हर बंद पडला की आम्ही घटनेचा अहवाल लिहितो. त्याचा एक नियम आहे : माणसाचं नाव दोषी म्हणून लिहायचं नाही. काय झालं, किती वाजता, त्याआधी काय घडत होतं, लिहायचं. नाव लिहायला लागलं की लोक लपवायला लागतात, आणि सर्व्हर पुन्हा त्याच कारणाने बंद पडतो. शाळेच्या वहीतही तेच करता येईल. जागा, वेळ, डोळ्यांना दिसलं ते, आणि लगेच आधी काय झालं. 'उद्धट', 'वात्रट', 'आळशी' हे शब्द वहीत बंद. 'पुस्तक फेकलं' चालेल, 'उर्मट आहे' चालणार नाही. नावाच्या जागी पटावरचा क्रमांक, आणि त्याची यादी फक्त वर्गशिक्षकांकडे. महिन्यातून एकदा सगळ्या शिक्षकांनी वही उघडून अर्धा तास बसायचं आणि शाळेने बदलायची एक गोष्ट ठरवायची, मुलाने बदलायची नव्हे. मे महिन्यात वही फाडून टाकायची. हो, फाडायची. सरांनी दाखल्यावर जे केलं तेच.

गंभीर गोष्टी या वहीत घालायच्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. मुलाला कुणी त्रास देत असेल, अंगाला हात लावत असेल, तर त्याला तक्रारपेटी आहे, सखी सावित्री समिती आहे, पॉक्सो कायदा आहे. तिथे महिन्याची वाट बघायची नाही आणि तो कागद फाडायचाही नाही.

आपल्यातलीच एक मैत्रीण आज शिक्षिका आहे. हे सगळं तिला ऐकवलं तर ती कडाडली : "आधी छडी काढून घेतलीत. मग ऑनलाइन माहित्या भरायला लावल्यात. सरल, यू-डायस, आधार, अपार. पोषण आहाराचा हिशेब मीच ठेवते. आता ही वही. शिकवू कधी?" माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणू शकते, की दिवसाला एक-दोन ओळींपेक्षा जास्त लिहावं लागलं तर ती वही चुकीची आहे. आणि वहीतून तीन महिन्यांत एकही नळ दुरुस्त झाला नाही, एकही पत्र आगारात गेलं नाही, तर ती बिनदिक्कत बंद करावी. तिचं यावर म्हणणं होतं, "नळ दुरुस्त करायला पैसे कोण देणार?" त्याचं उत्तर मात्र आपल्याकडे आहे. आपण.

म्हणून निधीबद्दलचा माझा प्रस्ताव असा. कॅमेरे वर्गात नकोत. फाटकाशी आणि मागच्या पायवाटेवर हवे असतील तर शाळा व्यवस्थापन समितीने ठरवावं. ॲपचे पैसे वाचवू. त्यातून पहिलं काम, टाकीचे चारही नळ आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी. त्या कडीची नोंद कुठल्याच वहीत नाही, ती मला मुलींनी सांगितली. दुसरं काम मोठं आहे. ऑगस्ट ते एप्रिल, सकाळी अंगणवाडी उघडेपर्यंतचे दोन तास, बंदराकडच्या वाडीत एक खोली आणि लहान भावंडं सांभाळायला गावातल्याच दोन बायका, मानधनावर. जागेचं बोलणं सुरू आहे. मुख्याध्यापक सरांनी त्यांच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली आहे : येत्या ऑगस्टपासून आठवी ते दहावीचा पहिला तास गणिताचा असणार नाही, आणि उशिरा आलेलं मूल बाहेर उभं राहणार नाही, थेट वर्गात येऊन बसेल.

पुढच्या वर्षी याच वहीच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या पानांवरून आपल्याला कळेल, की खोलीचा उपयोग झाला की नाही. नाही झाला तर पैसे थांबवू आणि दुसरं काही करू.

एका वर्षाच्या मानधनाचा अंदाज मी मागच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे. ज्यांना वाटा उचलायचा आहे त्यांनी तिथे आपलं नाव आणि मोबाईल नंबर लिहावा. खडू आपल्या जुन्या मॉनिटरकडे आहे. त्याच्या बाकावरच्यांनीही लिहावं, या वेळी सूट नाही. आणि हो, जी मैत्रीण मघाशी बोलण्यात आली तिने त्या खोलीची देखरेख करायचं कबूल केलं आहे. तिला काही विचारायचं असेल तर जेवताना विचारा, संध्याकाळी चारला तिला बंदरावर जायचंय.